यवतमाळमध्ये ‘काहून?’ विचारणारे अभ्यास, आणि ते कसे वाचायचे



परवा ओपीडीत एक ओळखीचे पेशंट आले होते. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या लिहून न्यायला येतात. कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. चिठ्ठी हातात घेतल्यावर ते उठले नाहीत. मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हे वाचा जी. मागं आलं होतं का शेतकरी कर्जानं मरते. आता आलं का दारूनं मरते. दोन्ही अभ्यास शिकलेल्या लोकायनंच केले. मंग खरं कोणतं?” मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. “आन् पंचवीस-तीस लोकायले विचारून साऱ्या मुलखाचं कसं काय सांगता येते?”

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. दुसरा प्रश्न तर मोठमोठ्या वैद्यकीय नियतकालिकांचे संपादकही विचारतात. बाहेर रांग होती, म्हणून तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते मला पुरेसं वाटलं नाही. आज सविस्तर सांगतो. या विषयाचा बराच इतिहास आपल्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या वर्धा, अमरावतीत घडला आहे, त्यामुळे लांबची उदाहरणं शोधायची गरज नाही.

चिलगव्हाण, १९८६

महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे गाव तुम्हाला माहीत असेल. तिथले शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं १९ मार्च १९८६ रोजी गेली. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना सांगितली जाते. गेली काही वर्षं १९ मार्चला अनेक जण त्यांच्या स्मरणार्थ एक दिवस अन्नत्याग करतात.

त्यानंतर ‘काहून?’ हा प्रश्न पारावर, एसटीत, चहाच्या टपरीवर सगळेच विचारत होते. पण पद्धतशीरपणे, लिहून घेऊन, नंतर कोणालाही तपासता येईल अशा रीतीनं तो आपल्या भागात विचारला जायला बरीच वर्षं गेली. आधी आली मोजदाद. देशाच्या गुन्हे नोंद विभागानं १९९५ पासून आत्महत्यांच्या आकड्यांत शेतकऱ्यांचा वेगळा रकाना सुरू केला. अमरावती विभागात २००१ पासूनची यादी सरकारदरबारी ठेवली जाते.

‘किती?’ आणि ‘काहून?’

इथं जरा थांबून एक फरक समजून घेऊ. मधुमेहाच्या किती पेशंटनी वर्षभरात गोळ्या सोडल्या, हे मोजता येतं. हजार लोक घ्या, मोजा, टक्केवारी काढा. पण काहून सोडल्या? कोणाला गोळीनं चक्कर येते. कोणी म्हणतं, साखर उतरली, आता कशाला? कोणाच्या घरी सासूच्या औषधाचा खर्च आधी, सुनेचा नंतर. ही कारणं मला आधीच माहीत असती तर मी त्यांचे रकाने पाडून मोजली असती. माहीत नसतील तर बसून ऐकावं लागतं. अशा पद्धतशीर ऐकण्याला ‘गुणात्मक संशोधन’ म्हणतात. त्यात मुलाखती असतात, गटचर्चा असतात, गावात राहून केलेलं निरीक्षण असतं. माणसं थोडी असतात, पण एकेका माणसाला वेळ बराच दिला जातो.

आत्महत्येच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे. ज्याला विचारायचं, तोच नसतो. यावर १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात एक मार्ग निघाला. तिथल्या मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याला काही मृत्यूंबद्दल ठरवता येत नव्हतं, की हा अपघात की आत्महत्या? त्यानं एडविन श्नाइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मदत घेतली. ते गेलेल्या माणसाच्या घरी जात, बायकोशी, भावाशी, मित्रांशी, शेजाऱ्यांशी बोलत, आणि शेवटच्या दिवसांचं चित्र जोडत. शरीराचं शवविच्छेदन होतं तसं हे मनाचं, म्हणून त्याला ‘सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी’ हे नाव पडलं. जगभर, आणि आपल्या विदर्भातही, ही पद्धत वापरली गेली.

तिची मर्यादाही लगेच लक्षात येईल. सांगणारा दुःखात असतो. घडून गेल्यावर मागं वळून पाहिलं की प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटतो. “त्या दिवशी जेवला नव्हता, आता आठवते.” तो आधीही कितीदा जेवला नसेल, पण ते दिवस आठवत नाहीत.

२००५ आणि २००६: दोन अहवाल

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनं शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास केला आणि मार्च २००५ मध्ये अहवाल दिला. घरोघरी जाऊन, कुटुंबांशी बोलून त्यांनी जे मांडलं ते थोडक्यात असं: पुन्हा पुन्हा होणारी नापिकी, न परवडणारा लागवडीचा खर्च आणि कर्ज, या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतत जातात आणि माणूस कोंडीत सापडतो.

पाठोपाठ जानेवारी २००६ मध्ये मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अहवाल राज्य सरकारकडे गेला. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली १११ घरं त्यांनी पाहिली, आणि सोबतच आत्महत्या न झालेली १०६ घरंही पाहिली. हे कशाला? कर्ज तर साऱ्या गावालाच असतं. आत्महत्या झालेल्या घरातच फक्त विचारलं तर कर्ज हेच कारण निघणार. शेजारच्या घराशी तुलना केली तरच कळतं, की या घरात कर्जाचा बोजा खरोखर जास्त होता का. तो जास्त होता. शिवाय या घरांकडे बैलांसारखी, अडीनडीला विकता येणारी मालमत्ताही कमी होती.

बैलाचा मुद्दा बारकाईनं पाहा. ‘कर्जामुळे’ या एका शब्दात तो दिसत नाही. गोठ्यात बैलजोडी असली की वाईट वर्षी एक शेवटचा आधार असतो. ती गेली की तोही संपतो. चांगला अभ्यास एका मोठ्या शब्दाच्या आत काय काय दडलंय ते उघडून दाखवतो.

फॉर्मवरचं ‘काहून?’

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

२००५-०६ च्या सुमारास राज्य सरकारनं मदतीचे नियम ठरवले. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला १ लाख रुपये. पण प्रकरण ‘पात्र’ ठरलं तरच. पात्र ठरायला नापिकी हवी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज हवं, आणि वसुलीचा तगादा हवा. स्थानिक चौकशी होते, कागद तहसीलमधून वर जातात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय देते.

आता त्या घरच्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नवरा जाऊन आठ दिवस झालेत. दारात सरकारी माणूस आलाय आणि विचारतोय, “काहून केलं त्यानं असं?” तिला माहीत आहे की ‘कर्ज’ म्हटलं तर लेकरांच्या शिक्षणाला काही मिळेल. ‘दारू प्यायचा’ म्हटलं, ‘भावाशी भांडण झालं होतं’ म्हटलं, ‘वर्षभर झोपत नव्हता, एकटाच बसायचा’ म्हटलं, तर कदाचित ‘अपात्र’चा शिक्का बसेल. ती काय सांगेल?

ती खोटं सांगेल असं मी म्हणत नाही. कर्ज खरंच असतं. पण दहा खऱ्या गोष्टींपैकी कोणती सांगायची, हे विचारणारा कोण आहे आणि उत्तरावर काय अवलंबून आहे यावरून ठरतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्या चौकशी करणाऱ्याला प्रकरण अपात्रच करायचं असेल, तर ‘व्यसन’ हा शब्द त्याच्या फार सोयीचा असतो. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात ‘कर्ज’ आणि ‘दारू’ हे कारणांची नावं राहिले नाहीत, ते दोन पक्ष होऊन बसले. एक शब्द उच्चारला की समोरचा विचारतो, तुम्ही कोणाच्या बाजूचे?

फॉर्मवर कारणासाठी जागाही किती? एक ओळ. त्या एका ओळीत आयुष्य मावत नाही.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी काय केलं

वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं आंजी इथं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या आजूबाजूच्या २३ गावांत अमोल डोंगरे आणि प्रदीप देशमुख यांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत साधी होती. लोकांना खुला प्रश्न विचारायचा: शेतकरी आत्महत्या कशामुळे होतात असं तुम्हाला वाटतं? ते जे सांगतील त्याची यादी करायची. मग एकेक कारण एकेका चिठ्ठीवर लिहायचं, आणि लोकांनाच सांगायचं, की ज्या चिठ्ठ्या तुम्हाला एकत्र वाटतात त्यांचे ढीग लावा. ढीग कसे लागले यावरून लोकांच्या मनात कोणतं कारण कशाला जोडलेलं आहे ते दिसतं.

यादीत काय आलं? कर्ज, व्यसन, निसर्गाची अवकृपा, शेतमालाला कमी भाव, ताण आणि घरच्या जबाबदाऱ्या, सरकारची अनास्था, सिंचनाचा अभाव, वाढलेला लागवड खर्च, खासगी सावकार, रासायनिक खतं, नापिकी.

कर्ज आणि व्यसन एकाच यादीत आहेत, शेजारी शेजारी. गावकऱ्यांना ते दोन पक्ष वाटले नाहीत. इथं विचारणारा मदत मंजूर करणारा नव्हता आणि उत्तरावर कोणाचा १ लाखाचा धनादेश अवलंबून नव्हता. उत्तरं मोकळी येण्याचं ते एक कारण असावं, असं मला वाटतं.

पण हा अभ्यास काय सांगत नाही तेही बघा. ‘व्यसन’ यादीत वर आलं याचा अर्थ इतकाच, की लोकांच्या मनात ते कारण ठळक आहे. इतके टक्के शेतकरी व्यसनापायी गेले, असा त्याचा अर्थ नाही. माझ्या पेशंटच्या मोबाईलवरच्या बातमीत नेमका हाच घोळ होता. थोड्या लोकांशी बोलून कोणती कारणं आहेत ते कळतं. कोणतं कारण किती, हे कळत नाही. त्यासाठी मोजावं लागतं.

सेवाग्रामच्याच मानसोपचारतज्ज्ञांनी सायकॉलॉजिकल ऑटॉप्सीच्या पद्धतीनं, तुलनेची घरं घेऊनही अभ्यास केला. त्यात आर्थिक अडचणी, मानसिक आजार आणि आयुष्यातले ताणाचे प्रसंग, तिन्ही महत्त्वाचे दिसले. अर्थशास्त्रज्ञाला बैल दिसला, मानसोपचारतज्ज्ञाला झोप उडालेला माणूस दिसला. दोघंही खरं तेच सांगत होते. ज्याचा जो चष्मा, त्यातून त्याला ते आधी दिसतं.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा

डॉक्टर मंडळींसाठी असे अभ्यास पारखण्याच्या प्रश्नावल्या आहेत. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला तयार झालेली दहा प्रश्नांची एक यादी खूप वापरली जाते. २००७ मध्ये ३२ मुद्द्यांची आणखी एक यादी आली. तुम्हाला एवढ्याची गरज नाही. पाच प्रश्न पुरेत.

एक. कोणी विचारलं, आणि उत्तरावर काय अवलंबून होतं? हे वर पाहिलंच. औषध कंपनीनं स्वतःच्याच औषधाबद्दल पेशंटच्या मुलाखती घेतल्या असतील, तरी हाच प्रश्न विचारा.

दोन. कोणाला विचारलं, आणि कोण राहून गेलं? सातबारा ज्याच्या नावावर तो शेतकरी, असं कागद म्हणतो. मग रोज शेतात राबणारी पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई कुठं गेली? मक्त्यानं किंवा बटईनं करणारा? सालगडी? पोडावर राहणाऱ्या कोलामाची मुलाखत मराठीत घेतली की कोलामीत? कोटा नीलिमा यांचं २०१८ चं पुस्तक विदर्भातल्या अशा १८ विधवांच्या आयुष्यांवर आहे. अठराच, पण इतर अहवालांत ज्या फक्त ‘माहिती देणाऱ्या’ असतात, त्या इथं स्वतःबद्दल बोलतात. कोणाचा आवाज आला यावर अभ्यासाची किंमत ठरते, किती आवाज आले यावर नाही.

तीन. कसं विचारलं? माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका काकांना, त्यांचा तरुण मुलगा शेजारी बसलेला असताना, विचारलं, “दारू घेता का?” ते म्हणाले, “नाही जी.” मी तसं लिहून टाकलं. पुढं लिव्हर बिघडल्यावर खरं कळलं. काकांनी मला फसवलं नव्हतं. मुलासमोर बापाला जे म्हणता येतं, तेच ते म्हणाले होते. प्रश्न एकांतात विचारला का, आपल्या बोलीत विचारला का, उत्तर आधीच सुचवलं का, हे अभ्यासात लिहिलेलं असायला हवं.

चार. उत्तरांचं पुढं काय केलं? पन्नास पानांच्या बोलण्यातून तीन वाक्यं उचलली, तर तीच का उचलली? दोन वेगवेगळ्या माणसांनी तेच बोलणं वाचून तोच अर्थ लावला का? निष्कर्षाच्या विरुद्ध बोलणारं कोणीच नव्हतं का? असेल तर त्याचं म्हणणं छापलंय का? सगळे एकच सूर लावतात असा अभ्यास दिसला की मला शंका येते. आपल्या गावात चार माणसं एका गोष्टीवर एकमत झालेली तुम्ही कधी पाहिलीत?

पाच. दावा केवढा, आणि दुसऱ्या वाटेनंही तेच दिसतं का? तीस लोकांशी बोलून ‘साऱ्या विदर्भात’ म्हणणं हा फार मोठा उडी मारलेला दावा आहे. पण समाजशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि डॉक्टर वेगवेगळ्या वाटांनी निघाले आणि तिघांनाही वाटेत कर्ज भेटलं, तर त्या गोष्टीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. आणि तिघांनाही ते एकटं भेटलं नाही, त्याच्यासोबत आणखी काहीतरी होतंच, यावरही तितकाच भरवसा ठेवा.

ऐकण्यानं काय होतं?

काही लोक म्हणतात, हे सगळे किस्से आहेत, यात विज्ञान कुठं? २०१६ मध्ये ब्रिटनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं असे अभ्यास मागं टाकायचं धोरण ठेवलं, तेव्हा ११ देशांतल्या ७६ प्राध्यापकांनी संपादकांना खुलं पत्र लिहून हरकत घेतली. वाद अजून संपलेला नाही.

माझं उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. त्याच्या इंग्रजी नावातच ‘ताण’ हा शब्द आहे, मानसिक आजार हा नाही. आपल्याकडं माणूस “मला नैराश्य आलंय” असं म्हणत नाही. “टेन्शन आहे”, “झोप नाही”, “डोकं चालत नाही” असं म्हणतो. गावातल्याच कार्यकर्त्यांनी गावाच्या शब्दांत बोलायचं, आधार द्यायचा आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडं पाठवायचं, असं काम झालं. आधी तिथं नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक कोणाची मदत घेत होते. दीड वर्षानं ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये जगातल्या अग्रगण्य मानसोपचार नियतकालिकात छापून आले. लोक काय म्हणतात ते ऐकलं, त्यांच्या शब्दांत काम केलं, आणि मग परिणाम मोजला. ‘काहून’ आणि ‘किती’ असे हातात हात घालून चालतात.

तर माझ्या त्या पेशंटना आता मी असं सांगेन: भाऊ, दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अपुरं आहे. एकाच कारणानं माणूस जात नाही. कर्ज आहे, भाव नाही, झोप उडालीय, त्यावर उतारा म्हणून दारू आलीय, घरात बोलणं बंद झालंय. यातली एकच गोष्ट मोठ्या अक्षरात छापणारी बातमी पाहिली की विचारा, कोणी, कोणाला, कसं विचारलं?

उद्या कोणी संशोधक वही घेऊन तुमच्या अंगणात आला, तर त्यालाही विचारा: माझं नाव कुठं छापणार? याचा काय उपयोग होणार? मधेच थांबवायचं म्हटलं तर चालेल का? हे विचारणं तुमचा हक्क आहे. चांगला संशोधक न रागावता उत्तर देईल. ते पटलं तर मनमोकळं बोला.

आणि शेवटचं. ‘काहून?’ हा प्रश्न माणूस गेल्यावरच विचारला पाहिजे असं नाही. घरातला, शेजारचा कोणी गप्प झाला असेल, झोपत नसेल, “आता काय उरलं” असं बोलत असेल, तर त्याच्याजवळ बसा. चारचौघांत नको, एकट्यात बसा, आणि त्याचं ऐका. सल्ला नंतर देता येईल. तुम्हाला स्वतःला असं वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला सांगा. बीपीची चिठ्ठी घेऊन झाल्यावर दोन मिनिटं बसून राहिलात तरी चालेल. मी विचारीन.